कॅल्क्युलेटर आणि स्टोअर दोन्ही गायब! फॉरमॅट न मारता परत कसे आणू?

झोपाळू_घुबड:
मंडळी मदत करा. विंडोज ११ आहे. परवा रात्री लॅपटॉप जरा स्लो वाटला म्हणून नेटवरून एक 'नको ती ॲप्स काढून टाका' छापाचं फुकट टूल उतरवलं आणि त्यात दिसेल तिथे टिक करून ओके दाबलं (हो माहितीय, शिव्या नंतर घाला). फास्ट बिस्ट काही झाला नाही पण आज हिशोबाला बसले तर कॅल्क्युलेटर नाही, फोटोज नाही, आणि कहर म्हणजे मायक्रोसॉफ्ट स्टोअरपण नाही, म्हणजे परत आणायला जावं तर दुकानच उठलंय. विंडोजचं बटण आणि आर दाबून कॅल्क टाईप केलं की म्हणतं ही लिंक उघडायला ॲप घ्या. पण सिस्टम थर्टीटू फोल्डरमध्ये कॅल्कची फाईल दिसतेय की! मग चालत का नाही? फॉरमॅट नको, सगळं काम त्यातच आहे आणि बॅकअप... जाऊ दे.

खटपट्या:
कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि एसएफसी स्कॅननाऊ मारा, सगळं जागेवर येतं. नाहीतर कुणाकडे विंडोज ७ वालं जुनं मशीन असेल तर त्यातली कॅल्कची फाईल पेनड्राईव्हवर आणून टाका, हाकानाका.

जुनाट_मॉनिटर:
खटपट्या, दोन्ही नाही चालणार हो. एसएफसी विंडोजच्या सिस्टम फाईली तपासतं, स्टोअरमधली ॲप्स त्याच्या हद्दीत येत नाहीत. आणि विंडोज ७ ची नुसती कॅल्कची फाईल आणली तर डबल क्लिक करून काहीच होत नाही, तिच्यासोबत भाषेची वेगळी एक फाईल लागते, ती पण योग्य फोल्डरात.

घुबडताई, तुम्हाला दिसतेय ती फाईल म्हणजे नुसती दारावरची पाटी आहे. विंडोज ८.१ पर्यंत खरा कॅल्क्युलेटर त्याच फाईलमध्ये असायचा. २०१५ ला विंडोज १० आलं तेव्हापासून तो स्टोअरचं ॲप झाला, राहायला गेला प्रोग्राम फाईल्समधल्या विंडोजॲप्स नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये, आणि जुन्या जागेवरची फाईल फक्त त्याला हाक मारते. आत कुणी नसलं की ओ कोण देणार. (त्या विंडोजॲप्स फोल्डरच्या परवानग्या बदलायच्या भानगडीत मात्र पडू नका, नसती दुखणी होतात.)

म्हणून आधी स्टोअर आणा, बाकीचं मागून येईल. स्टार्टमध्ये टर्मिनल शोधा, राईट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, आणि डब्ल्यूएसरिसेट, एक स्पेस, मग डॅश आय, असं सगळं इंग्रजी लहान अक्षरांत टाईप करून एंटर. तो डॅश आय विसरू नका, त्याच्याशिवाय ती कमांड फक्त स्टोअरची कॅश, म्हणजे साठवून ठेवलेला तात्पुरता डेटा, साफ करते. झालं बिलं असं काही सांगत नाही ती, मागे गुपचूप डाऊनलोड चालू असतं, तेव्हा नेट चालू ठेवा आणि दहापंधरा मिनिटं हात लावू नका. स्टोअर आलं की त्यात विंडोज कॅल्क्युलेटर शोधा, खाली मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन लिहिलंय ना ते बघून घ्या, सारख्या नावाची पुष्कळ असतात.

नाहीच आलं तर सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी इथे 'विंडोज अपडेट वापरून प्रॉब्लेम सोडवा' अशा अर्थाचा पर्याय आहे. तो आहे तेच विंडोज पुन्हा बसवतो, तुमच्या फाईली, ॲप्स, सेटिंग्ज तशीच राहतात. वेळ खातो पण फॉरमॅट नाही. तरी त्याआधी बॅकअप घ्याच.

कीबोर्डवाली:
नेटवर पॉवरशेलची (विंडोजला कमांड द्यायचं टूल) ती लांबलचक 'रजिस्टर'वाली कमांड सगळीकडे सापडेल. ॲपच्या फाईली डिस्कवर असल्या आणि फक्त नोंद बिघडली असली तरच ती कामाची, इथे टूलने फाईलीच उडवल्या असतील तर लाल अक्षरांत एरर येणार आणि तुम्ही घाबरणार. ॲप यादीत दिसतंय पण उघडत नाही असं असतं तर सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये तीन टिंबं, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि तिथे आधी रिपेअर, मग रिसेट, इतकं सोपं होतं. आणि कृपा करून 'कॅल्क्युलेटर फ्री डाऊनलोड' असं गूगल करून मिळेल ते बसवू नका, एका टूलने झालं तेवढं पुरे.

झोपाळू_घुबड:
आलं!! पहिल्यांदा टर्मिनल साधंच उघडलं होतं आणि दोनच मिनिटांत कंटाळून बंद केलं, काही झालं नाही. मग ॲडमिन म्हणून उघडून कमांड दिली, चहा केला, येऊन बघते तर स्टार्टमध्ये स्टोअर हजर. कॅल्क्युलेटर आणि फोटोज दोन्ही बसवले. आता वर्डपॅड राहिलंय, ते स्टोअरमध्ये का सापडत नाहीये?

जुनाट_मॉनिटर:
ते तुमच्या टूलने नाही नेलं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनेच वर्डपॅड काढून टाकलंय, परत येणार नाही. साध्या मजकुराला नोटपॅड आहेच, फाईलमध्ये बोल्ड बिल्ड असेल तर लिब्रेऑफिस फुकट मिळतं, फक्त त्यांच्याच साईटवरून घ्या.

खटपट्या:
ऑफिसच्या लॅपटॉपवर पण हीच कमांड चालेल का? आमच्याकडे पण स्टोअर नाहीये.

कीबोर्डवाली:
तिथे आयटीवाल्यांनी मुद्दाम बंद केलेलं असू शकतं, आधी त्यांना विचारा.