'ब्रेक बायस'ला मराठीत काय म्हणावं?

भाचा इथं सोलापुरातच इंजिनिअरिंगला आहे. पोरांनी मिळून स्पर्धेसाठी छोटी रेसिंग कार बांधलीय आणि तिच्यावर मराठीत चार पानं लिहून द्या म्हणून माझ्या मागे लागलाय. 'ब्रेक बायस'पाशी, म्हणजे ब्रेकचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत किती-किती वाटायचा त्यापाशी, गाडी अडली. फोननं भाषांतर दिलं, 'ब्रेक पूर्वग्रह'. गाडीचा कुणाविषयी पूर्वग्रह असणार! मी 'ब्रेक समतोल' लिहिलं, तर म्हणतो, "मामा, सारखं नसतंच ते."

प्रतिसाद :
भाच्याचं बरोबर आहे. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो. पुढची चाकं रस्ता घट्ट धरतात, मागची हलकी होतात, म्हणून पुढे जोर जास्त द्यायचा. फॉर्म्युला वनमध्ये आकडा सांगतात तो पुढच्या चाकांचा. ५६ म्हणजे पुढे ५६ टक्के, मागे ४४. 'समतोल' म्हटलं की डोळ्यापुढे सारखी पारडी येतात. नुसतं 'तोल' म्हणा.

प्रतिसाद :
'ब्रेकचा तोल' वाचून मला आधी अपघातच आठवेल. 'विभागणी' अर्थानं बरोबर, पण ड्रायव्हरला "विभागणी पुढे घे" असं कोण सांगणार?

प्रतिसाद :
लहानपणी आमच्याकडे नळाला रोज पाणी नसायचं. लांबून आणायचं तर काठीला हंडा अडकवून मी पुढे, दादा मागे. हंडा हळूच त्याच्याकडे सरकवला की माझा खांदा हलका. (कळलं की तो पाठीत धपाटा घालायचा, ते वेगळं.) रेसिंग कारमध्ये हीच काठी आहे, बॅलन्स बार. तिच्या दोन टोकांना दोन मास्टर सिलिंडर (ब्रेकच्या तेलावर दाब देणारे पंप), एक पुढच्या ब्रेकचा, एक मागच्या. पेडलचा जोर हंड्यासारखा मध्ये कुठंतरी पडतो. ड्रायव्हर नॉब फिरवतो तेव्हा ती जागा सरकते. ज्या सिलिंडरजवळ गेली त्याच्यावर जास्त दाब. म्हणून माझं मत 'कल'. "कल पुढे घे", "कल मागे ने", दोन्ही तोंडात बसतं.

प्रतिसाद :
पण 'कल' आपसूक असतो की. मुलीचा कल गाण्याकडे, मतमोजणीतले कल. इथं तर माणूस मुद्दाम ठरवतो.

प्रतिसाद :
उसाची ट्रॉली एका अंगाला कलली की भरणारे मोळ्या दुसऱ्या अंगाला टाकतातच ना? कल असतोही, बदलताही येतो. शिवाय तो चुकला तर काय होतं तेही याच शब्दात सांगता येतं. कल फार पुढे असला तर पुढची चाकं आधी जाम होतात, मग स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. फार मागे असला तर मागची जाम होऊन गाडी गर्रकन फिरते. ओल्या ट्रॅकवर मात्र थोडा मागे घेतात, कारण ब्रेक हलका लागतो आणि भार पुढे कमी येतो.

मूळ विचारणारा :
'ब्रेकचा कल' पक्कं केलं. भाच्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, "छान आहे मामा, पण वर्कशॉपमध्ये आम्ही 'बायस पुढं घे बे'च म्हणणार." म्हणू देत. आता बॅलन्स बारला काय लिहू, दांडी?

प्रतिसाद :
दांडीच.