खरडलेल्या मुरमाड जागेत मुळांतील बुरशी परत कशी आणावी? (मदत हवी आहे)

नमस्कार. आमचे गाव गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेला मिळालेल्या जंगलापैकी सुमारे दोन हेक्टरचा तुकडा, पूर्वी रस्त्यासाठी मुरूम काढून नेल्यामुळे, अगदी खरडून गेलेला आहे. तेथे मागील दोन पावसाळ्यांत आम्ही आवळा, बेहडा आणि मोहाची रोपे लावली, कुंपण केले, उन्हाळ्यात पाणी दिले. तरीही रोपे मरत नाहीत एवढेच, वाढत मात्र नाहीत.

मागील महिन्यात एकाच दिवशी लावलेली दोन रोपे उपटून पाहिली. खरडलेल्या जागेतील रोपाची मुळे अजूनही पिशवीच्याच आकारात गुंडाळलेली होती आणि झटकताच माती गळून पडली. पंधरा पावलांवर, जुन्या मोहाजवळ लावलेल्या रोपाच्या केसांसारख्या मुळांना मात्र माती अशी बिलगली होती की बादलीत खळबळूनही पुरती सुटली नाही.

मायकोरायझा नावाची बुरशी मुळांत शिरून राहते, मुळे पोहोचत नाहीत तेथील स्फुरद (फॉस्फरस) झाडाला आणून देते, मोबदल्यात साखर घेते, आणि जिवंत मुळांवाचून वाढत नाही, एवढे वाचनात आले. वरच्या मातीबरोबर तीही गेली असावी, असा माझा तर्क आहे. (मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात, त्याचाही यात वाटा असेल काय?) कृषी केंद्रात तयार मायकोरायझाची पुडी घ्या म्हणतात, तर गावातील जाणती मंडळी जंगलातील माती खड्ड्यांत टाका म्हणतात. काय करावे, आणि बुरशी रुजली हे कसे ओळखावे?

प्रतिसाद १

आपला तर्क बरोबर वाटतो, परंतु माती बिलगणे हा पुरावा नव्हे. बारीक मुळे कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात उकळून रंगहीन केली आणि शाई घातलेल्या व्हिनेगरमध्ये ठेवली, तर सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे निळे धागे दिसतात. पोटॅश कातडी जाळते, म्हणून हे जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागातच करून घ्यावे.

पुडीपेक्षा मी आपल्याच जंगलातील मातीवर विश्वास ठेवीन. मात्र सगळे खड्डे भरण्याइतकी माती आणाल, तर दुसरा तुकडा खरडला जाईल. पाच-सहा मोठ्या मोह-ऐनांखालून बारीक मुळांसह टोपलीभर माती घ्यावी, कुंड्यांत वाळूबरोबर मिसळून ज्वारी पेरावी, म्हणजे तिच्या मुळांवर बुरशी वाढेल; तीन-चार महिन्यांनी पाणी तोडून ताटे कापावीत आणि मुळांसकट ती माती रोपवाटिकेत पिशव्या भरताना मूठ-मूठ घालावी. पाल्याच्या आगीची धग सहसा खोल जात नाही, पण उघडी पडलेली माती पहिल्या पावसातच वाहून जाते.

एक विचारायचे राहिले: पिशव्यांत डीएपी (स्फुरद असलेले रासायनिक खत) घातले होते काय? स्फुरद आयते मिळाले की मुळे बुरशीला फारसा थारा देत नाहीत.

मूळ लेखक

होय, दर पिशवीत चमचाभर घातले होते. यंदाच्या पिशव्यांत घालणार नाही. ज्वारीसाठी वीस कुंड्या काढून ठेवल्या आहेत. त्यांत वाळू आणि जंगलातील माती किती प्रमाणात मिसळावी, तेवढे सांगावे.