देशातल्या नैसर्गिक वायूतला एलपीजी शेवटच्या किलोपर्यंत काढायची सक्ती हवी का?

नवी पेठ, सोलापूर
आमचं कडक भाकरीचं केंद्र आहे. १९ किलोच्या सिलिंडरचा भाव दर १ तारखेला बदलतो, आणि त्यामागे सौदी अरेबियाच्या अरामको तेल कंपनीचा दर असतो, कारण देशाला लागणारा निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरून येतो. मग आपल्या नैसर्गिक वायूतला प्रोपेन-ब्युटेन, म्हणजे एलपीजीच, पाइपलाइनमधून जाळायचा कशाला? पूर्ण काढायची सक्तीच करा.

अक्कलकोट रोड एमआयडीसी
सक्तीला माझा विरोध आहे, ताई. वायू उष्णतेवर विकतात. १९ किलो एलपीजी काढला की वायूतली सुमारे ०.९ एमएमबीटीयू (वायू ज्यावर विकतात ते उष्णतेचं माप) उष्णता जाते, तेवढं बिल बुडतं. समजा वायू एमएमबीटीयूला १२ डॉलर आणि एलपीजी टनाला ६०० डॉलर. एलपीजीचे आले ११.४०, वायूचे गेले १०.८०. उरलेल्या ६० सेंटात वायू थंड करायचा, पुन्हा दाबून पाइपलाइनमध्ये सोडायचा, वर कर्जाचे हप्ते. माझं डाइंग युनिट आहे, एवढ्या मार्जिनवर मी बॉयलर पेटवणार नाही.

नवी पेठ, सोलापूर
१२ डॉलर हा तुम्ही आयात एलएनजीसारखा (जहाजाने येणाऱ्या द्रवरूप वायूसारखा) भाव धरलात की ओ! मुंबई हायसारख्या जुन्या क्षेत्रांच्या वायूला एप्रिल २०२३ च्या सरकारी सूत्राने तेव्हा ६.५ डॉलरची कमाल मर्यादा लावली. तुमच्याच हिशेबात तो आकडा घाला: वायूचे जातात ५.८५, हातात राहतात साडेपाच डॉलर. ओएनजीसी उरणला एलपीजी काढते ते उगाच नाही.

बाळीवेस
थोडे जड घटक सगळ्यांनाच काढावे लागतात, नाहीतर पाइपलाइनमध्ये द्रव साचतो. भांडण आहे ते त्यापुढे किती काढायचं, याचं. प्रोपेन उणे ४२ अंशांना द्रव होतो, वायूतलाच आणखी हलका घटक इथेन उणे ८९ ला. तिथे खर्च चढतो आणि गिऱ्हाईक बहुतेक पेट्रोकेमिकलवालेच. इथेनचा भाव पडला की अमेरिकेतले प्रकल्प तो सरळ वायूतच राहू देतात. सक्तीत इथेन धरलात तर ती मोकळीक जाईल.

नवी पेठ, सोलापूर
इथेन सोडा. प्रोपेन-ब्युटेनवर मी ठाम आहे. आखातात काही बिनसलं की पहिला फटका आमच्या शेगडीला बसतो. ज्या महिन्यात काढणं परवडणार नाही, त्या महिन्याचा फरक सरकारने भरावा.

अक्कलकोट रोड एमआयडीसी
आणि तो फरक वायूच्या दरात चढवला तर? सीएनजीवाला रिक्षावाला तो का भरेल? उरणला परवडतं म्हणून काढतात, तिथे सक्तीची गरजच नाही. जिथे परवडत नाही तिथला तोटा कोणी सोसायचा, ते आधी सांगा.