‘मॉकिंगजे’चा शेवट फसलेला नाही

कोरांटी
(पुढे कथानक उघड केलं आहे. वाचायचं असेल तर इथेच थांबा.)

सुझन कॉलिन्सच्या ‘हंगर गेम्स’ मालिकेतली पहिली दोन पुस्तकं भन्नाट, पण तिसऱ्या ‘मॉकिंगजे’मध्ये (२०१०) तिने माती खाल्ली, असं जो तो म्हणतो. मला हे अजिबात पटत नाही. तिन्हींत धाडसी पुस्तक हेच आहे.

पहिल्या पुस्तकात शत्रू कोण, हा प्रश्नच पडत नाही. कॅपिटॉल, म्हणजे तिथली सत्ताधारी राजधानी, दर वर्षी बारा जिल्ह्यांतून चिठ्ठ्या काढून २४ मुलं उचलतं आणि एकच जिवंत उरेपर्यंत रिंगणात झुंजवतं, हाच तो खेळ. घरात दाणा नसेल, तर मुलाने स्वतःच्या नावाच्या जादा चिठ्ठ्या टाकायच्या आणि बदल्यात धान्य-तेल न्यायचं. नायिका कॅटनिसचा मित्र गेल, त्याच्या नावाच्या तर ४२ चिठ्ठ्या असतात. तिसऱ्यात बंडखोरांचा तेरावा जिल्हा येतो आणि सगळं अवघड होऊन बसतं. ही माणसं जमिनीखाली राहतात, रोज सकाळी हातावर जांभळ्या शाईत दिवसभराचं वेळापत्रक उमटवून घेतात. त्यांच्या अध्यक्षा कॉइनबाईंचा डोळा कॅपिटॉलचा हुकूमशहा स्नो याच्याच खुर्चीवर आहे, हे आपल्याला हळूहळू कळत जातं.

आणि मग ती पॅराशूटं. स्नोच्या वाड्याभोवती कॅपिटॉलची लहान मुलं ढालीसारखी उभी केलेली. वरून कॅपिटॉलची खूण असलेलं यान चंदेरी पॅराशूटं टाकतं. खेळात असल्या पॅराशूटमधून भेटवस्तू यायच्या, म्हणून मुलं हात पुढे करतात. काही पॅराशूटं फुटतात. बंडखोरांचे वैद्यकीय मदतनीस मुलांकडे धावतात, तोवर उरलेली फुटतात. त्या मदतनिसांत कॅटनिसची बहीण प्रिम असते. चौदाचीही नाही! एवढ्या लहान मुलीला आघाडीवर जायची परवानगी दिली कुणी, आणि ते यान खरंच कॅपिटॉलचं होतं की कॉइनचं? कॅटनिसला हा प्रश्न पडतो, तिथे माझ्या अंगावर काटा आला. असं पुस्तक विजयाच्या जल्लोषात संपलं असतं, तर ते खोटं ठरलं असतं.

रानवारा
आशय थोर आहे, वाद नाही. पण कादंबरी नुसत्या आशयावर उभी राहत नाही. मोक्याची वेळ आली की कॅटनिस बेशुद्ध, नाहीतर इस्पितळात. खेळातला तिचा जोडीदार पीटा कॅपिटॉलच्या कैदेत, त्याला सोडवून आणतात तेव्हा ती वाट बघत बसलेली. कॅपिटॉल पडतं तेव्हा ती भाजून निपचित. कॉइनला मारल्याबद्दल तिच्यावर खटला चालतो तोही तिच्या माघारी. तिच्या बाजूने लढणाऱ्या फिनिकसारख्या पात्राला काही ओळींत मारून टाकलंय. दोन पुस्तकं जिच्या जिवावर पळाली, तिलाच तिसऱ्यात प्रेक्षक करून ठेवलं.

कोरांटी
रानवारा, तिला बाजूला ठेवणं हाच तर विषय आहे. बंडखोरांना ती लढायला नकोच आहे, कॅमेऱ्यापुढे हवी आहे. स्टुडिओत नटवून-थटवून प्रचारफीत करायला जातात आणि ती सपशेल पडते, ते प्रकरण आठवा. लढणाऱ्याला युद्धाचा एक तुकडाच दिसतो, बाकीचं नंतर कुणीतरी सांगतं. कॉलिन्सचे वडील हवाई दलात होते, व्हिएतनामच्या युद्धावर गेले होते. युद्धाबद्दल ती ऐकीव लिहीत नाहीये. फिनिकचं म्हणाल, तर मला तो झटका योग्यच वाटला.

ओसरी
माझा आक्षेप मतदानाला आहे. कॅपिटॉलच्या मुलांचा एक शेवटचा खेळ घ्यायचा का, असं कॉइन आधीच्या खेळांतल्या उरलेल्या सात विजेत्यांना विचारते. पीटा, ॲनी, बीटी नाही म्हणतात. कॅटनिस प्रिमच्या नावाने हो म्हणते! हा तिचा डाव असेल, तर तिच्याच तोंडून चाललेल्या गोष्टीत तो आपल्यापासून लपवणं ही वाचकाची फसवणूक आहे. आणि खरंच सूड हवा असेल, तर मग ती आपली कॅटनिस राहिलीच नाही.

पाणवठा
ओसरीताई, तेवढं पान परत वाचा. हो म्हणण्याआधी तिच्या मनात येतं की पंचाहत्तर वर्षांपूर्वी हे खेळ सुरू करतानाही अशीच चार माणसं बसली असतील, काहीच बदललेलं नाही. मग ती तिच्या गुरूकडे, हेमिचकडे बघते, याला आपलं मन खरंच कळतं का, हे आता समजेल, असा विचार करते. हेमिच तिच्या बाजूने मत देतो. त्या क्षणी तिचं ठरलेलं असतं. स्नोला देहदंड देताना त्याच्यावर रोखलेला बाण कॉइनला लागतो, तो काही आयत्या वेळी सुचलेला नाही.

ओसरी
पान वाचलं. हेमिचचा धागा पटतो, मान्य. तरी सात जणांत चार हो पडले, आणि तिला कॉइन मारायला जमलं नसतं तर? त्या मुलांचा जीव तिने पणाला लावलाच ना! त्याबद्दल नंतर अवाक्षर नाही.

रानवारा
मला गेलबद्दल बोलायचंय, कारण सगळ्यात मोठा अन्याय त्याच्यावर झालाय. दोन नंबरच्या जिल्ह्यातला डोंगर पाडून आतल्या माणसांना गाडायची कल्पना त्याची. कॅटनिसचा बाप खाणीत गेला, म्हणून तिला ते सहन होत नाही. पण गेलचा बापही त्याच स्फोटात गेला होता! एकाच दुःखातून दोघं दोन टोकांना का गेली, हा या पुस्तकातला सगळ्यात सकस प्रश्न. लेखिका काय करते? पॅराशूटमधला बॉम्ब तुझा होता का, एवढं कॅटनिस विचारते, माहीत नाही म्हणून तो निघून जातो, आणि पुढे ‘से’ नावाची गावातली म्हातारी सांगते की त्याला दोन नंबरच्या जिल्ह्यात कसलीशी मोठी नोकरी लागली. बस्स. पीटासाठी अख्खी प्रकरणं दिलीत, याला दोन पानं? त्या दोघांना एकदा समोरासमोर बसवून कडाकडा भांडू द्यायला हवं होतं.