एक अक्षर बदललं की सिकलसेल कसा होतो? बहिणीला समजावायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी गडचिरोलीतल्या वडशाचा, सध्या नोकरीसाठी पुण्यात. शिक्षण कॉमर्सचं, त्यामुळे बायोलॉजी दहावीलाच सुटली. धाकटी बहीण बारावी सायन्सला आहे. मागच्या महिन्यात कॉलेजात सिकलसेलची (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) तपासणी झाली, सॉल्युबिलिटी ही पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली मग इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी) केलं आणि रिपोर्ट आला एएस पॅटर्न, एक जीन साधा (ए) आणि एक सिकलसेलचा (एस), म्हणजे वाहक. डॉक्टर म्हणाले एएस म्हणजे आजार नाही, घाबरू नका. तेवढं समजलं.

पण घरी भलतंच सुरू झालंय. आत्या म्हणते हिच्या वेळी वहिनीने ग्रहणात विळी हातात घेतली होती म्हणून पोरीच्या रक्तात दोष आला. आई काही बोलत नाही पण फोनवर आवाज बसलेला असतो. बहीण मला विचारते दादा, पुस्तकात लिहिलंय म्युटेशन, म्हणजे डीएनएतला बदल, अचानक होतं, मग माझ्यात ते कधी झालं? मला उत्तर देता येईना. दोन रात्री मोबाईलवर वाचत बसलो आणि आणखी गोंधळ झाला, कुठे जीएजीचं जीटीजी झालं लिहिलंय, कुठे जीयूजी, कुठे सीटीसीचं सीएसी. कोणी म्हणतं सहाव्या जागी बदल, कोणी म्हणतं सातव्या. आणि एवढ्या मोठ्या डीएनएत एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर अख्खी रक्तपेशी वाकडी कशी होते? जरा सोप्या भाषेत सांगा, मला हे तिला आणि आईला दोघींना सांगायचंय.

प्रतिसाद १

दादा, आधी आईचं. मी बायोलॉजी शिकवते, दरवर्षी असा प्रश्न घेऊन कोणीतरी येतंच. गर्भ राहतो त्या क्षणी बाळाला अर्धा डीएनए आईकडून अर्धा बाबांकडून मिळून गेलेला असतो. पुढच्या नऊ महिन्यात ग्रहण लागो, विळी धरो, एस जीन त्याने येत नाही. बहिणीत म्युटेशन ‘झालेलं’ नाही, तिला ते ‘मिळालंय’. अक्षर बदललं ते हजारो वर्षांपूर्वी कोणाच्या तरी शरीरात, तिथून पिढ्यानपिढ्या उतरत आलंय. आणि ते आईकडूनच आलं असंही नाही बरं का, बाबांकडूनही असू शकतं, हे आत्यांना जरूर सांगा.

ते टिकलं का, तर एएस असणाऱ्याला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जंगलपट्ट्यात जिथे मलेरिया भरपूर तिथे अशी माणसं जगली वाचली, म्हणून आपल्या गडचिरोली, नंदुरबारकडे हे जास्त दिसतं.

म्युटेशन मुळात होतं कसं तर पेशी दोन होण्याआधी सगळा डीएनए उतरवून काढते, सुमारे तीनशे कोटी अक्षरं आणि तीही दोन संच. चुका तपासून दुरुस्त करणारी यंत्रणा असते तरी थोड्या सुटतात. प्रत्येक बाळात साधारण ६० ते ७० अगदी नवे बदल असतात, तुमच्यात माझ्यात पण आहेत. उन्हातले अतिनील किरण, तंबाखूचा धूर यांनीही डीएनए खराब होतो, पण तो त्या त्या कातडीच्या नाहीतर फुफ्फुसाच्या पेशीत. पोरांना वारशात जायचा तर बदल स्त्रीबीजात किंवा शुक्रपेशीत असावा लागतो.

आता तुमचा अक्षरांचा घोळ. तिन्ही बरोबर आहेत! डीएनएची अक्षरं चार, ए, टी, जी, सी. डीएनएला दोन धागे, एकावर जीएजी तर समोरच्यावर सीटीसी. प्रोटीन बनवायला डीएनएची नक्कल निघते ती आरएनए, त्यात टीच्या जागी यू येतो म्हणून जीयूजी. आणि प्रोटीन बनताना सुरुवातीला मेथिओनिन नावाचं एक अमिनो आम्ल (प्रोटीनच्या साखळीतला मणी) लागतं ते नंतर छाटलं जातं, ते मोजलं तर सातवी जागा, नाही मोजलं तर सहावी. बोर्डात सहावीच लिहायची.

तीन अक्षरं मिळून एक अमिनो आम्ल ठरतं. जीएजी म्हणजे ग्लुटामिक आम्ल, जीटीजी म्हणजे व्हॅलिन. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहणारं प्रोटीन, त्याच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं, त्यातलं हे एकच बदललं. पण ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, ते पाण्यात खूष. व्हॅलिन तेलकट स्वभावाचं, पाणी टाळतं. ऑक्सिजन सोडला की हे व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या एका खाचेत जाऊन बसतं, त्याला पुढचं चिकटतं, असे लांब दोर तयार होतात आणि ते दोर पेशीला आतून ताणून विळ्यासारखी करतात. बहिणीच्या प्रत्येक पेशीत निम्म्याहून जास्त साधं हिमोग्लोबिन आहे म्हणून तिच्यात एरवी दोर जमत नाहीत.

आणि तो भार गेला ना, म्हणूनच इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये हे हिमोग्लोबिन वेगळ्या वेगाने सरकतं. १९४९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हाच फरक पकडला होता. तिच्या रिपोर्टवरचे दोन पट्टे तेच.

प्रतिसाद २

बारावीला आहे तर तिला हेही सांग. त्याच जागी जीएजीचं जीएए झालं असतं तर काहीच फरक नाही, तेही ग्लुटामिक आम्लच. एएजी झालं तर लायसिन हे दुसरं अमिनो आम्ल, त्याने बनतं ते हिमोग्लोबिन सी, त्रास पुष्कळ कमी. टीएजी झालं असतं तर तो थांब संकेत, साखळी तिथेच तुटली असती. आणि ह्याच जीनमध्ये आठव्या नवव्या कोडॉनच्या (तीन अक्षरांच्या गटाच्या) मध्ये एक जी जास्तीचा घुसला की पुढची सगळी तीन-तीनची वाचनाची चौकट सरकते, त्याने बीटा थॅलेसेमिया हा बीटा साखळी नीट न बनण्याचा आजार होतो, भारतात तो बदल बऱ्यापैकी आढळतो. म्हणजे अक्षर एकच, पण कुठे आणि कोणतं यावर सगळं.

लग्नाच्या वेळी मात्र समोरच्याची टेस्ट हवीच. दोघं एएस असतील तर दर गरोदरपणात एसएस (दोन्ही जीन सिकलसेलचे, म्हणजे प्रत्यक्ष आजार) बाळाची शक्यता २५ टक्के. दोघांपैकी एक एए (दोन्ही जीन साधे) असेल तर एसएस होत नाही. आणि मित्रा, तुझी टेस्ट झाली का?

धागाकर्ता

ताई, दादा, खूप खूप आभार. काल रात्री आईला फोन स्पीकरवर घ्यायला लावला आणि ‘झालेलं नाही, मिळालंय’ हे वाक्य दोनदा वाचून दाखवलं. आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली म्हणजे माझ्या हाताने नाही ना रे झालं. बाबा म्हणाले माझीपण टेस्ट करून टाका. बहिणीने दोराचं चित्र काढून पाठवलंय.

माझी टेस्ट झालेली नाही, इतकं वाचलं पण हे डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी सुट्टी टाकून जातोय. एकच विचारायचंय, सॉल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली तर पुढच्या टेस्टला परत रक्त द्यावं लागतं की त्याच सॅम्पलवर होते?