वारा दार कुरतडतो, आठातले तीन मिळतात

स्लाउची_आई
जीसीएसई म्हणजे इंग्लंडमधली सोळाव्या वर्षीची शालेय परीक्षा. तिच्या इंग्लिश पेपरातल्या दुसऱ्या प्रश्नात उताऱ्यातली भाषा काय परिणाम करते ते लिहायचं असतं. त्यावर काल इथे एका बाबांनी ज्ञान दिलं: "जीसीएसई इंग्लिश लँग्वेजचा दुसरा प्रश्न म्हणजे फुकटचे 8 मार्क. टेक्निक्सची यादी पाठ करून घ्या, उताऱ्यात जे दिसेल त्याला नाव चिकटवा, पुढे चला." वाचून डोकं फिरलं, म्हणून लांबलचक लिहितेय. माझ्या मुलाने हेच केलं. एक्यूए या परीक्षा मंडळाचा पेपर वन, शाळेतली सराव परीक्षा. कधी न वाचलेला उतारा, त्यात वारा दार कुरतडत होता. याने लिहिलं, "लेखकाने पर्सोनिफिकेशन (निर्जीवाला माणसासारखं वागवणं) वापरलंय, त्यामुळे वाचकाला पुढे वाचावंसं वाटतं." आठातले तीन! रात्री जेवताना मी विचारलं, कुरतडतो म्हणजे काय रे? म्हणाला, "उंदरासारखं. हळूहळू. आपण झोपलेले असतो, आणि सकाळी भोक दिसतं." अरे, मग हे कागदावर का नाही?

बिनधास्त_बाबा
ते ज्ञानी बाबा मीच, नमस्कार. कागदावर का नाही, तर हातात जेमतेम दहा मिनिटं असतात म्हणून. मार्क स्कीममध्ये, म्हणजे गुण द्यायच्या नियमांत, 'सब्जेक्ट टर्मिनॉलॉजी' (विषयातल्या संज्ञा) स्वच्छ लिहिलंय. यादी पाठ करून आमच्या लेकीला ग्रेड 7 आली (सगळ्यात वरची 9). तुमच्या चिरंजीवांचे तीन तरी त्या नावामुळेच आले असतील.

स्लाउची_आई
तीच स्कीम वरून वाचा की. टर्मिनॉलॉजीच्या आधी 'इफेक्ट्स', म्हणजे परिणाम, आहे. सोयीचं तेवढंच वाचायचं?

निवृत्त_मास्तर
दोघंही चूक. वारा कुरतडतो हे पर्सोनिफिकेशनच नव्हे! उंदीर काय पर्सन आहे? मराठीत याला चेतनगुणोक्ती म्हणतात. चेतन म्हणजे सजीव, त्यात उंदीर आपोआप आला. आपला शब्द जास्त शहाणा आहे, पण लक्षात कोण घेतो.

काना_मात्रा
सर, आमच्या पुस्तकातल्या व्याख्येत निर्जीव वस्तू "मनुष्याप्रमाणे" वागते असं होतं. तुमचा उंदीर तिथेही बाहेरच.

निवृत्त_मास्तर
व्याख्या लिहिणाऱ्याला उंदीर चावला नसावा. एकतीस वर्षं शिकवलंय मी, गाईड वाचून बोलत नाही.

काना_मात्रा
शिकवलंत म्हणजे काय केलंत? "सारखा" दिसलं की उपमा, "जणू" दिसलं की उत्प्रेक्षा, हेच ना? नववीत "तो माझ्यासारखाच गणितात नापास झाला" या वाक्यापुढे मी उपमा लिहिलं होतं. पूर्ण मार्क मिळाले! आज कळतं, तिथे अलंकारबिलंकार काही नाही. दोन नापास पोरं आहेत, बस्स.

निवृत्त_मास्तर
तो तुमच्या बाईंचा दोष. माझ्या वर्गात हे चाललं नसतं.

बिनधास्त_बाबा
इथे पोरांच्या ग्रेडचा प्रश्न आहे, उंदीर आवरा! ग्रेड चारच्या खाली गेलं तर पोराला सोळाव्या वर्षानंतरही इंग्रजी घेऊन बसावं लागतं. मास्तरांना त्याचं काय.

निवृत्त_मास्तर
परदेशात बसून आम्हाला उंदीर आवरायला सांगू नये.

लीड्सकर
मी इथे सेकंडरीत इंग्रजी शिकवते. बाबा, खरं सांगू? दर वर्षी अर्धा वर्ग "वाचकाला पुढे वाचावंसं वाटतं" लिहितो. ते वाक्य कुठल्याही उताऱ्याला लागतं, म्हणून त्याला काही मिळत नाही. आणि आई, नावं अगदीच टाकूनही चालत नाही, बाबांचं तेवढं बरोबर आहे. पण नाव भारदस्तच हवं असं कुठंय? "लेखकाने 'कुरतडणे' हे क्रियापद वापरलंय" म्हटलं तरी टर्मिनॉलॉजी झाली. मग उंदीर, रात्र, भोक. चार ओळी पुरे.

बिनधास्त_बाबा
म्हणजे बत्तीस टेक्निक्स पाठ करून घेतली आणि लागत होतं क्रियापद. छान! यादीत सगळ्यात वर तेच टाकतो, आता तरी खूश?

स्लाउची_आई
मुलाला वाचून दाखवलं. म्हणाला, "वर्ब? तेवढं तर मला येतं."

निवृत्त_मास्तर
क्रियापद ठीक. पण अलंकार कोणता, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.