मदत हवी आहे: लोंगेवालाचं वाळवंट टेबलावर जमत नाहीये

गच्चीवरचा सेनापती

मंडळी, आम्ही चार मित्र रविवारी 15 मिमीच्या मिनिएचर्सने, म्हणजे चिमुकल्या सैनिक-रणगाड्यांनी, टेबलावर लढाया खेळतो. आजवर सगळ्या युरोपातल्याच झाल्या. हिरवी चटई, चार झाडं, दोन घरं, झालं काम. यंदा लोंगेवाला, म्हणजे भारत-पाक युद्धातली राजस्थान सीमेवरच्या चौकीची लढाई, खेळायचं ठरलंय. 4-5 डिसेंबर 1971 ची रात्र, आपल्या 23 पंजाब बटालियनची एक कंपनी, समोर पाकिस्तानचे टी-59 रणगाडे आणि उजाडल्यावर जैसलमेरहून येणारी आपली हंटर विमानं. रणगाडे रंगवून तयार आहेत, वाळवंटाने मात्र नाकी नऊ आणलेत.

दोन बाय दोन फुटांचे सहा बोर्ड केले. 3 मिमीचं एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड), त्यावर थर्माकोलच्या टेकड्या, वर पातळ केलेला फेविकॉल आणि सोसायटीत काम चालू आहे तिथली वाळू. एमडीएफ पापडासारखं वाकलं. स्प्रे मारला तर थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळलं. 'वाळूचा' म्हणून दुकानदाराने दिलेल्या रंगाने सगळं बेसनाच्या लाडवासारखं दिसतंय. आणि टेकडीवर ठेवलेला रणगाडा सावकाश घसरत खाली येतो, ते बघून बाकीचे तिघे हसतात.

मुख्य अडचण वेगळीच आहे. मला मऊ वाळू आणि घट्ट जमीन हा फरक नुसता बघून कळायला हवाय. त्या रात्री रणगाडे वाळूत रुतले, काटेरी तार बघून पुढे सुरुंग असतील या समजाने थबकले आणि त्यातच उजाडलं. हंटरना रात्री काही करता येत नव्हतं, पहाटेनंतर मात्र रणगाड्यांना लपायला जागा नव्हती. विमानातून काढलेला तो फोटो आठवतोय ना, वाळूवर चाकोऱ्यांची गोल गोल नक्षी? तसं दिसायला हवं. बजेट अडीच हजार. बोर्ड वाचवू की टाकून देऊ?

करवतीचा भुसा

एमडीएफला एकाच बाजूने पाणी पाजलंत, वाकणारच. मागूनही तसाच फेविकॉल मारा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा, बरंचसं सरळ होईल. थर्माकोलला आधी ब्रशने इमल्शनचे दोन हात द्यायचे, स्प्रेचं नाव काढायचं नाही.

वाळूचं म्हणाल तर 15 मिमी म्हणजे साधारण 1:100, खऱ्याच्या शंभरावा भाग. तुमचा एक मिलिमीटरचा दाणा तिथे दहा सेंटिमीटरचा धोंडा होतो. खरी वाळू या मापात दाणेदार दिसताच कामा नये. वॉल पुट्टी लावा, ओली असताना स्पंजने पुसा. चाळलेली बारीक वाळू फक्त घट्ट जमिनीवर टाका. म्हणजे गुळगुळीत ती मऊ, खरखरीत ती घट्ट. नियम समजावून सांगावा लागणार नाही.

उंटावरचा शहाणा

जैसलमेरला दोन वर्षं नोकरी केली आहे, म्हणून बोलतो. (आयडीवर जाऊ नका.) टेकड्या नव्हेत हो त्या, धोरे. धोरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. वारा येतो ती बाजू लांबट, दहा-बारा अंशांची, आणि पाठ उभी, 33-34 अंशांची. त्याहून उभी सुकी वाळू टिकतच नाही, ओघळते. थरच्या वाळवंटात जोराचा वारा नैऋत्येचा, त्यामुळे उभी बाजू बहुतेक ईशान्येला. तीन सेंटिमीटर उंच धोऱ्याला, तळाशी मोजून, चढ पंधरा सेंटिमीटर द्या, उतार साडेचार. चढावर रणगाडा टिकेल, उतारावर खेळातही बंदी घाला.

आता गोम अशी की सहा सुटे बोर्ड फिरवून लावलेत की धोऱ्यांची तोंडं सहा दिशांना. वारा काय वेडा आहे?

रंग फिकट ठेवा. पांढऱ्या इमल्शनमध्ये यलो ऑक्साइडचा स्टेनर (रंगात मिसळायचा गडद रंग) थेंबाथेंबाने टाका, मग किंचित तपकिरी. आणि जमीन अगदी उघडी ठेवू नका. तिकडे सेवण गवताचे झुबके असतात, फोगाची झुडपं असतात, रुई असते. खेजडी म्हणजे आपली शमीच. वस्तीजवळ एखादी लावा.

दिवाळीतला मावळा

बोर्ड सोडा. लहानपणी किल्ला केला असेल ना? दगड-विटा रचायच्या आणि वर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं, डोंगर आपोआप तयार. इथेही तेच करा. सहा बाय चार फूट मांजरपाट घ्या. हार्डवेअरच्या दुकानातलं अ‍ॅक्रिलिक सीलंट (फटी बुजवायची पेस्ट) रंगात कालवून पातळ थर द्या, ओल्यावरच वाळू भुरभुरवा. सिलिकॉन घेऊ नका, त्यावर रंग धरत नाही. थर्माकोलचे धोरे कापडाखाली हवे तिथे सरकवा. सांधे नाहीत, दिशा तुमच्या हातात आणि खेळ झाला की गुंडाळून कपाटावर.

गच्चीवरचा सेनापती

सगळ्यांचे आभार. हातभर मांजरपाटावर करून पाहिलं. पहिल्यांदा सीलंट जाड झालं आणि घडी पडली तिथे तडकलं. दुसऱ्यांदा जुन्या एटीएम कार्डाने ओढून पातळ केलं, ते आता मस्त वळतंय. धोरा पंधरा-साडेचारच्या मापाने कापला, रणगाडा चढावर मुकाट बसला.

चाकोऱ्यांसाठी एका मोडक्या रणगाड्याचा पट्टा ओल्या सीलंटवर फिरवला. पहिल्या मिनिटाला सगळं चिकटून वर आलं. दहा मिनिटांनी फिरवला तेव्हा ठसा नीट उमटला, फक्त पट्टा मध्येमध्ये ओला करावा लागतो. पण हे ठसे कायमचे. खेळ सुरू होतो तेव्हा वाळू कोरी हवी आणि शेवटी नक्षी. काढता-घालता येतील अशा चाकोऱ्या कुणी केल्यात का?

करवतीचा भुसा

त्याच कापडाच्या बोटभर पट्ट्या कापा, ठसे त्यांच्यावर उमटवा. रणगाडा पुढे गेला की मागे एकेक टाकत जायचं. वळणासाठी चंद्रकोरी कापून ठेवा, भरपूर लागतील.